उसनी मुलं

जूनचे पंधरा दिवस सलग कोरडे गेले की आमच्या ग्लानाशी खोऱ्यात माणसं एकमेकांशी बोलायची बंद होतात. भांडणं झालेली असतात म्हणून नव्हे. सगळी दलदलीवर वाकलेली असतात, आणि वाकलेल्या माणसाला बोलायला श्वास पुरत नाही. मे महिन्यात कापून पसरलेलं पीट, म्हणजे काळ्या ओल्या मातीच्या हातभर लांब विटा, एका अंगानं सुकल्या की उचलायच्या आणि पाच-सहा एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या. मधून वारा खेळला पाहिजे. अशा हजारो विटा. ते व्हायच्या आत पाऊस आला तर वर्षाचं जळण चिखलात जातं आणि हिवाळाभर माणूस थंड चुलीपुढं बसून शेजाऱ्याच्या धुराड्याकडं बघत राहतो.

आमच्या घरात वाकायला चार जण. माझा भाऊ फेस्टी, वय सत्तर, गुडघ्यांचं वय त्याहून जास्त. मी डर्व्हला, त्याच्याहून दोन वर्षांनी धाकटी आणि लग्न न केल्यामुळं शहाणी राहिलेली. त्याची मुलगी ग्रान्या. आणि ग्रान्याची ऊना, सहा वर्षांची. ऊनाचा बाप मासेमारीच्या मोठ्या बोटीवर असतो. महिन्यातून चार दिवस घरी येतो आणि त्यातले दोन झोपून काढतो.

ऊना बोलत नाही, गुणगुणते. एकच सूर, दिवसभर. घरात तो सूर चढला की आम्ही समजतो, कुठला तरी दिवा जास्त झालाय किंवा कुणाचा तरी सदरा ओला आहे. दलदलीवर मात्र तो सूर खाली बसतो. तिथं वारा सोडून कुणी तिच्या अंगावर येत नाही. ती एकेक वीट उचलून सरळ रांगेत आडवी ठेवत जाते, पार कुंपणापर्यंत. रांग देखणी असते, पण आडव्या विटा वाळत नाहीत, त्यामुळं तिच्या मागून मी जाते आणि सगळं पुन्हा उभं करते. माझी कंबर गेली ती या कौतुकात गेली.

सोमवारी टपालवाला चक्क दलदलीवर आला. पत्र ग्रान्याचं होतं. तिनं चिखलाचे हात पँटला पुसले, उभ्यानंच वाचलं, पुन्हा वाचलं आणि विटांच्या ढिगावर बसली. ढीग कोसळला. ती उठली नाही.

पत्रात लिहिलं होतं ते असं. बोलायला उशीर लागणाऱ्या, वेगळ्या रीतीनं वाढणाऱ्या मुलांच्या डॉक्टर शहरातून येत्या गुरुवारी आमच्या खोऱ्यात येणार, गावच्या सभागृहात मुलं बघणार. निदान आठ मुलं निघाली तर इथून पुढं दर महिन्याला येतील आणि बोलणं शिकवणाऱ्या बाईंनाही बरोबर आणतील. आठ भरली नाहीत तर गरज नाही असं समजलं जाईल आणि पालकांनी पूर्वीप्रमाणे शहरातच यावं.

पूर्वीप्रमाणे म्हणजे कसं, ते आम्हाला ठाऊक होतं. अडीच वर्षं यादीत थांबून मागच्या वर्षी एकदा नंबर लागला होता. तीन तासांचा रस्ता. ऊना प्रत्येक वळणावर ओकली, आणि आमचा रस्ता वळणांचाच आहे. तिथं पोचल्यावर वरच्या पांढऱ्या दिव्यांखाली ती जी टेबलाखाली शिरली ती बाहेर आलीच नाही. वीस मिनिटांनी एका बाईंनी कागदावर लिहिलं की मुलीनं सहकार्य न केल्यामुळं तपासणी होऊ शकली नाही. पुन्हा यादीच्या शेवटी नाव. ग्रान्या घरी आली, मेंढ्यांच्या कोठीत गेली आणि तिथं रडली, कारण तिथं आवाज करायला मुभा असते.

तेव्हा आठ. आम्ही दलदलीवरच बोटं मोजली. ज्यांचं उघड होतं अशी खोऱ्यात ऊना धरून पाच मुलं. सहावं कुणाला आठवेना. ग्रान्या म्हणाली, पाचच आहेत तर पाचच. फेस्टी आभाळाकडं बघत होता, आणि माझा भाऊ आभाळाकडं बघतो तेव्हा त्याच्या डोक्यात पाऊस नसतो, उचापत असते.

ही उचापत कुठून आली ते सांगायला हवं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सरकार मेंढीच्या डोक्यामागं अनुदान द्यायचं आणि डोकी मोजायला तपासनीस यायचा. आमच्या खोऱ्यात कागदावर जेवढ्या मेंढ्या होत्या तेवढ्या डोंगरावर नव्हत्या. मग रीत अशी पडली की तपासनीस पहिल्या घरी आला की त्याला चहा, उकडलेलं डुकराचं मांस आणि तीन प्रकारचे केक वाढायचे. तो खात असताना मोजून झालेला कळप डोंगराच्या मागच्या अंगानं दुसऱ्याच्या वाड्यात पोचवायचा. मेंढीच्या खांद्यावरचा पहिल्या मालकाच्या खुणेचा निळा रंग खसाखसा धुऊन दुसऱ्याचा लाल लावायचा. उसनी दिलेली मेंढी मोजणी होईपर्यंत परत मागायची नाही, आणि नेली तशी परत करायची, हे दोन नियम. ते मोडल्याचं कुणी ऐकलेलं नाही. त्या मेंढ्या इतक्या चालल्या की त्यांचं मांस शिजायचं नाही. तपासनीस मात्र दर वर्षी लठ्ठ होऊन गेला.

तर फेस्टीनं ठरवलं की तीन मुलं उसनी आणायची.

मी त्याला म्हटलं, हे हात दाखवून अवलक्षण आहे. त्यानं माझ्याकडं दयेनं बघितलं, उंटावरचा शहाणा शेळ्या हाकणाऱ्याकडं बघतो तसं. मग त्याच संध्याकाळी निघाला. दोन मुलं सहज मिळाली. पाद्रीबाबांच्या स्वयंपाकीणबाईंचा नातू डेक्लन, आठ वर्षांचा, आणि टपालवाल्याची धाकटी, सात वर्षांची. तिसऱ्यासाठी शेजारच्या बार्टलीकडं जाण्यावाचून इलाज नव्हता.

बार्टलीशी आमचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. आमच्या एडक्यानं भिंत ओलांडून त्याच्या कळपात नको ते केलं होतं आणि फेस्टीनं माफी मागायच्या ऐवजी जातिवंत एडक्याचे गुण सांगितले होते. पण गरजवंताला अक्कल नसते. बार्टली ट्रॅक्टरवर बसला होता. तो खाली उतरला नाही आणि त्यानं इंजिनही बंद केलं नाही, त्यामुळं फेस्टीला सगळं ओरडून सांगावं लागलं. सांगून झालं तेव्हा बार्टलीनं इंजिन बंद केलं आणि म्हणाला, ऐकू आलं नाही, पुन्हा सांग. मी फाटकाशी उभी होते. माझ्या भावानं टोपी काढली आणि पुन्हा सांगितलं. त्याआधी जन्मभरात मी त्याला दोनदाच टोपी काढताना पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा अंत्ययात्रा होती.

"ने आमच्या सायवला," बार्टली शेवटी म्हणाला. "नऊ वर्सांची हाय. लोण्यावानी पोर. जल्मल्यापास्नं कवा तरास दिला न्हाई. पन नेशील तशी परत आनायची."

"आनतो की," फेस्टी म्हणाला.

"आन् तुझा एडका?"

"मेला."

"बरं झालं," बार्टली म्हणाला आणि इंजिन सुरू केलं. एवढ्यावर अकरा वर्षं मिटली.

बुधवारी दुपारी फेस्टीनं लोकर कातरायच्या कोठीत शाळा भरवली. बाहेर टळटळीत ऊन, दलदलीवर अर्धं काम पडलेलं, रेडिओ सांगतोय की गुरुवारी रात्री पाऊस, आणि हा गोणीवर बसून पोरांना सोंग शिकवतोय. कानांवर हात ठेवायचे. डोळ्याला डोळा द्यायचा नाही. डबे ओळीनं लावायचे. गोल गोल फिरायचं. डेक्लनला हे फार आवडलं. तो फिरता फिरता कुत्र्यावर पडला. टपालवाल्याची मुलगी कान दाबून अशी किंचाळली की कोंबड्यांनी दोन दिवस अंडी दिली नाहीत. सायव मात्र गोणीच्या टोकाला सरळ बसून होती, मोजे गुडघ्यापर्यंत सारखे ओढलेले, आणि प्रश्न विचारत होती. तिचं बोलणं पुस्तकातल्यासारखं असायचं. कानांवर हात किती वेळ ठेवायचे? दोन्ही ठेवायचे की एक? डॉक्टर काही विचारत असतील तरीही?

फेस्टी म्हणाला, ऊना करते तसं कर.

त्याच वेळी ग्रान्या दारात आली होती. हातात विळा होता, कुंपणाकडचं गवत कापून आलेली. तिनं डेक्लनला फिरताना बघितलं. डेक्लन ऊनाची नक्कल चांगली करत होता, तिचे मनगटापासून हलणारे हातसुद्धा त्यानं उचलले होते. ग्रान्याचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा," ती म्हणाली, "माझी पोर सोंग करती का?"

फेस्टीनं गोणीची सुतळी सोडली आणि पुन्हा बांधली. मला त्या क्षणी त्याची लाज वाटली आणि कीवही आली, कारण हे सगळं तो नातीसाठीच करत होता आणि नातीचीच टिंगल होऊन बसली होती. ग्रान्यानं पोरांना घरी जायला सांगितलं. उद्या कुणी यायचं नाही, म्हणाली. पाच तर पाच. ती पुन्हा दलदलीवर गेली आणि अंधार पडेपर्यंत विटा उभ्या करत राहिली. आमच्याकडं जूनमध्ये अंधार अकराला पडतो.

गुरुवारी सकाळी सभागृहाशी पोचलो तर तिन्ही उसनी मुलं पायरीवर हजर. ग्रान्याचा निरोप घराघरांत पोचला होता, पण उसनं दिलेलं मोजणीआधी परत घ्यायचं नाही, हा नियम ग्रान्यापेक्षा जुना होता. बार्टली स्वतः सायवला घेऊन आला होता, लग्नातलं जाकीट घालून. तिची आई दुपारपाळीला वृद्धाश्रमात कामाला जाते, म्हणून बापाची वर्णी. आणि आत खोऱ्यातल्या बायकांनी जे मांडलं होतं ते बघून मी डोक्याला हात लावला. उकडलेलं मांस, अंड्याचे सँडविच, तीन प्रकारचे केक. तपासनीस येणार म्हटल्यावर हात आपसूक तिकडं वळले होते.

डॉक्टर हॅनिगन दहाला आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, केस वाऱ्यानं विस्कटलेले. गाडीतून उतरल्यावर मिनिटभर दाराला धरून उभ्या राहिल्या. आमची वळणं त्यांनाही लागली होती. आम्ही लगेच त्यांच्या हातात केकची बशी दिली. त्यांनी ती बशी धरूनच पहिली दोन मुलं तपासली.

ऊनाची पाळी तिसरी. ऊना तोवर सभागृहाच्या रंगमंचाखाली गेली होती. तिथं नाताळच्या नाटकाचं सामान ठेवतात, अंधार असतो. ग्रान्या बाहेर तिचे बूट हातात घेऊन बसली होती. तिची मान अशी खाली गेलेली की मानेवरची हाडं मोजता यावीत. पुन्हा तेच होणार हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

"आत आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"आत हाय. बाहेर न्हाई यायची," ग्रान्या म्हणाली. "लिहा तुम्ही, सहकार्य केलं न्हाई म्हणून."

डॉक्टरांनी काही लिहिलं नाही. केकची बशी माझ्याकडं दिली, गुडघ्यांवर बसल्या, मग पोटावर, आणि सरपटत रंगमंचाखाली गेल्या. जागा कमी, त्यामुळं पोटऱ्यांपासून पुढचे पाय बाहेरच राहिले. अर्धा तास आम्ही त्या पायांभोवती चहा दिला. आतून ऊनाचा सूर येत होता, आणि थोड्या वेळानं दुसराही यायला लागला, जरा बेसूर. मग एक कानातलं सरकत बाहेर आलं. मग दुसरं. मग मनगटावरचं घड्याळ, लेखणी, चष्मा, सगळं एका ओळीत. डॉक्टरीणबाई आत पुऱ्या मोकळ्या होत चालल्या होत्या. ग्रान्या जमिनीवर बसली आणि ती ओळ बघत राहिली. तिनं माझा हात असा दाबला की अजून करंगळी दुखते.

बाहेर आल्यावर डॉक्टरांच्या जाकिटाला नाताळच्या नाटकातल्या मेंढीची खोटी लोकर चिकटली होती. त्या म्हणाल्या की ऊनाबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, शिकवण्यासारखंही पुष्कळ आहे, पण त्यासाठी दर महिन्याला तिच्या ओळखीच्या जागी यावं लागेल. शहरात नेऊन उपयोग नाही. ग्रान्यानं विचारलं, मग याल ना? डॉक्टर म्हणाल्या, आठ झाली तर. ते आकडे त्यांच्या हातात नव्हते.

दुपारपर्यंत पाच मुलं झाली. मग उसनी.

डेक्लन आत गेला तो गोल फिरतच. डॉक्टर त्याच्याकडं बघत राहिल्या. तिसऱ्या गिरकीला त्याला सँडविचची बशी दिसली, तो थांबला आणि त्यानं अगदी नीट विचारलं, एक घेऊ का? पाच मिनिटांत डॉक्टरांनी त्याला बाहेर आणून त्याच्या आजीच्या हवाली केलं. "हा छान आहे," त्या म्हणाल्या. "याला अजून एक सँडविच द्या." फेस्टी खिडकीतून आभाळाकडं बघायला लागला. टपालवाल्याच्या मुलीनं हे बघितलं आणि ती जी पळाली ती थेट घरी.

उरली सायव. तपासणीची जागा म्हणजे मागची भांड्यांची खोली. तिथंच चहाचा बंब, आणि बंबापाशी मी. डॉक्टरांनी मला दोनदा बाहेर जायला सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा बंब उतू गेला होता. या खेपेला त्यांनी सायवलाच विचारलं की या आजी इथं असल्या तर चालेल का. सायव म्हणाली, चालेल, बंबाचा आवाज एकसारखा आहे. पालकानं खोलीत बसायचं होतं म्हणून बार्टली दाराशी बालवाडीच्या खुर्चीवर बसला. गुडघे छातीशी आले होते, हातात टोपी.

डॉक्टरांनी विचारलं, तुला इथं कशासाठी आणलंय, माहीत आहे का?

"हो," सायव म्हणाली. "मी उसनी आहे. आठ मुलं हवी होती आणि पाचच होती. फेस्टीआजोबांनी मला कानांवर हात ठेवायला सांगितलंय. किती वेळ ते सांगितलं नाही, म्हणून मी अजून ठेवले नाहीत."

मी डोळे मिटून घेतले. संपलं, मला वाटलं. आता पाचही जातील. खुर्ची करकरली. पण डॉक्टर हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत.

"मग तुला आवाजाचा त्रास होत नाही?"

"होतो. पण हात ठेवले की लोक बघतात, म्हणून मी मोजते. शाळेची घंटा झाली की जीभ दातांत धरायची आणि मोजायचं. मधल्या सुट्टीत मी संडासात जाते. तिथं भिंतीला पाइप आहे, तो गार असतो. त्याला कपाळ लावते. सत्तरपर्यंत मोजलं की वर्गात परत जाता येतं. कधीकधी दोनशे लागतात."

"रोज?"

"शनिवार-रविवार नाही."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. मैत्रिणींशी बोलताना कसं वाटतं, असं त्यांनी विचारलं. सायव म्हणाली, झोपण्यापूर्वी ती उद्याचं बोलणं पाठ करते. कुणी काय म्हटलं तर काय म्हणायचं, सगळं. कुणी वेगळंच काही म्हटलं तर ती हसते. हसलं की बहुतेक चालून जातं. हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. शाळेला कुठल्या रस्त्यानं जाते ते सांगावं तसं सांगत होती. शेवटी डॉक्टरांनी विचारलं की हे तू कुणाला सांगितलंस. ती म्हणाली की कुणी विचारलं नव्हतं.

बार्टलीचा चेहरा भाजलेल्या विटेसारखा झाला होता.

"डॉक्टरीणबाई," तो म्हणाला, "घरात तर ती कवाच तरास देत न्हाई. कुनालाबी इचारा."

सायवनं वळून पाहिलं नाही.

"बाबा, तुम्ही सगळ्यांना तेच सांगता," ती म्हणाली. "म्हणून मी देत नाही."

बार्टली उठला. खुर्ची त्याच्या बुडाला अडकून उठली. त्यानं ती काढली, भिंतीशी नीट ठेवली आणि निघून गेला. बाहेर ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला.

डॉक्टर सभागृहात आल्या आणि त्यांनी ग्रान्याला खरं ते सांगितलं. सायवला घेऊन सहा. सायवला मोजायलाच हवं, ती कुणी उसनी नाही. पण सहाचे आठ त्या लिहिणार नाहीत. फेस्टी पुढं झाला, टोपी काढून. हे सगळं माझं कारस्थान, म्हणाला, पोरीला आणि तिच्या आईला शिक्षा नको. डॉक्टर म्हणाल्या की शिक्षा कुणाला नाही, फक्त आकडा सहा आहे. ग्रान्या ऊनाच्या बुटांची नाडी बांधत होती. बांधायची, सोडायची. सहा म्हणजे पुन्हा तो रस्ता, ती यादी आणि ते पांढरे दिवे. मला इतका राग आला होता की कुणावर काढावा ते कळेना, म्हणून मी केक कापले.

साडेचारला पाऊस आला, रेडिओपेक्षा सहा तास आधी. आमचं निम्मं पीट अजून आडवं होतं. कुणी उठलं नाही. डॉक्टर आपली बॅग भरायला लागल्या.

पाचला ट्रॅक्टर परत आला. मागं मेंढ्या न्यायची ट्रॉली, वर ताडपत्री. बार्टलीचं लग्नातलं जाकीट निथळत होतं. त्यानं ट्रॉलीचं फळकूट पाडलं आणि ताडपत्रीखालून माणसं उतरायला लागली. वरच्या वाडीतली शिंपीण आणि तिचा मुलगा, जो सहा वर्षांपासून फक्त पांढरं अन्न खातो आणि ज्याला आम्ही 'जरा नाजूक' म्हणायचो. शाळेच्या शिपायाची नात, जी वाचू शकत नाही आणि जिला आम्ही 'खेळकर' म्हणायचो. आणखी दोघं होती. चारही घरं आम्हाला ठाऊक होती आणि आत काय चाललंय हेही थोडंफार ठाऊक होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि आमच्या खोऱ्यात दुसऱ्याची मूठ उघडायला जाणं म्हणजे पाप. सोमवारी दलदलीवर बोटं मोजताना आम्हाला सहावं मूल आठवलं नव्हतं ते एवढ्याचसाठी.

बार्टली त्या घरांच्या दारात जाऊन काय बोलला ते मला मागाहून शिंपिणीनं सांगितलं. पावसात उभा राहिला, आत ये म्हटलं तर आला नाही. "माझी सायव नेलीया मी," एवढंच म्हणाला. "तुमचं बी आना." खोऱ्यातला सगळ्यात ताठ मानेचा माणूस हे म्हणतोय म्हटल्यावर शिंपिणीनं हातातली सुई तशीच कापडात टोचली आणि कोट घातला.

डॉक्टरांनी बॅग पुन्हा उघडली. "मला वाटतं," त्या म्हणाल्या, "आता ते अंड्याचं सँडविच मी खरंच खाते." सहा आणि चार, दहा झाली. ग्रान्यानं दोनदा मोजली, बोट दाखवून, मेंढ्या मोजतात तशी. मग ती रंगमंचाखाली ऊनाशेजारी जाऊन आडवी झाली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. फेस्टी तेवढ्यात मला म्हणाला, बघ, उसनी आणल्यामुळंच झालं ना. मी त्याच्या तोंडात केक कोंबला.

सगळं आवरेपर्यंत आठ वाजले. प्रत्येक पालकाला एक कागद भरून द्यायचा होता. बार्टली लांब टेबलाशी बसला. सायव त्याच्या शेजारी होती आणि तिनं आज पहिल्यांदा दोन्ही कानांवर हात ठेवले होते, कारण बायका भांडी विसळत होत्या. बार्टलीनं ते बघितलं आणि बायकांना म्हणाला, भांडी उद्या घासा. बायकांनी हात पुसले.

नाव, जन्मतारीख, घरचा पत्ता, त्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं. शेवटच्या प्रश्नाशी तो अडला. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यानं कागद माझ्याकडं फिरवला. मुलाच्या अडचणी पालकांच्या लक्षात प्रथम केव्हा आल्या, असा प्रश्न होता. बाकीच्यांनी काय लिहिलं, त्यानं विचारलं. मी सांगितलं, कुणी दोन वर्षांची असताना लिहिलं, कुणी शाळेत गेल्यावर.

"डर्व्हला," तो म्हणाला, "तू बंबापाशी हुतीस न्हवं? ती बोलली तवा वाजलं किती हुतं?"

मी म्हटलं, पावणेचार झाले असतील.

त्यानं तारीख घातली. तिच्यापुढं लिहिलं, 'आज, पावणेचार वाजता'. मग सही केली आणि कागद डॉक्टरांना नेऊन दिला. डॉक्टरांनी तो वाचला आणि बाकीच्या नऊ कागदांबरोबर ठेवला.